कपाटाची चावी

पत्र

मावशी, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहते. मुलगी ९ वर्षांची, झेडपीच्या शाळेत चौथीला. मुलगा ६ चा, इंग्लिश मीडियमला पहिलीत. सुट्टी लागली की दिवसभर मोबाईल, हिसकावला की रडारड. गावात जुनं सार्वजनिक वाचनालय आहे म्हणून दोघांना घेऊन गेले, तर तिथं सगळे म्हातारे पेपर वाचत बसलेले. लेकरांच्या पुस्तकांचं एक कपाट आहे पण त्याला कुलूप. ग्रंथपाल काका म्हणाले लेकरं पुस्तकं फाडतात, पाहिजे तर तुमच्या नावावर न्या. तेवढ्यात पोरानं मोठ्यानं विचारलं, "मम्मी, इथं टीव्ही नाही का?" सगळ्यांनी वळून बघितलं, मला इतकी लाज वाटली की तशीच परत आले. पुण्या-मुंबईच्या लायब्ररीत म्हणे लेकरांसाठी काय काय असतं. आमच्याकडं काय करता येईल? कोणती पुस्तकं द्यावी? मुलाला तर मराठी नीट वाचताच येत नाही.
– एक आई

उत्तर

अगं बाई, लाज कशाची त्यात? एवढ्या खुर्च्या, सगळी माणसं गप्प, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, मग ६ वर्षाच्या लेकराला वाटणारच की इथं कुठंतरी टीव्ही असंल, त्याचं गणित बरोबरच होतं. (तुला अगं-तुगं करते म्हणून राग मानू नको, माझी पोरगी तुझ्याच वयाची असंल.) मी झेडपीत मास्तरीण होते, रिटायर झाल्यापासून आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी लेकरं घेऊन बसते, सातवं वर्ष चालू आहे. त्यामुळं तुझं ते कपाट मी न बघता सांगते कसं असंल. लोखंडी, दाराला काच, काचेला आतून धूळ, वरच्या कप्प्यात थोर पुरुषांची चरित्रं अन् खालच्या कप्प्यात चित्रांची पुस्तकं, म्हणजे ज्याचा हात फक्त खालपर्यंतच पोचतो त्याच्यासाठी बरोबर ठिवलेली, पण कुलूपबंद.

आधी पुण्या-मुंबईचं डोक्यातून काढ. आपण काही मागून आलेलो नाही बरं का. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हा तिथं १९५५ लाच ग्रंथालयाचा कायदा झाला होता, महाराष्ट्राचा आला १९६७ ला. कायदा असून काय उपयोग झाला ते वेगळं, पण वाचनालय ही आपल्याकडं नवीन गोष्ट नाही. शहरातल्या भारी लायब्रऱ्यांत रंगीत खुर्च्या, गालिचा, भिंतीवर जिराफ असतो, छानच असतं ते, पण लेकरू तिथं परत परत जातं ते जिराफासाठी नाही. कुणीतरी एक माणूस ठरल्या वारी ठरल्या वेळी तिथं बसलेलं असतं अन् त्याला त्या लेकराचं नाव माहीत असतं, म्हणून जातं. ते माणूस तुझ्या गावात तू हो, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता ग्रंथपाल काका. त्यांच्यावर चिडू नको, त्यांची बाजू जरा ऐक. आपल्याकडं शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, पुस्तकं किती, सभासद किती, पेपर-मासिकं किती येतात, किती तास उघडं असतं यावरून वर्ग ठरतो अन् वर्गावरून अनुदान. छोट्या वाचनालयाचं अनुदान म्हणजे काय असतं विचारू नको, बरीच वर्षं ड वर्गाला वर्षाचे ३० हजार होते, मागं काही वाढवले, पण त्यातच काकांचा पगार, त्यातच पुस्तकं, त्यातच लाईटबिल, अन् तेही हप्त्या-हप्त्यानं येणार. शिवाय प्रत्येक पुस्तकाला दाखल नंबर असतो, तपासणीला साहेब आले की रजिस्टर अन् कपाट जुळलं पाहिजे, फाटकं पुस्तक असंच फेकून देता येत नाही, ते बाद करायचं तर त्याचीही रीत असते. म्हणजे पुस्तक फाटलं तर जाब त्या माणसाला, वाचलं तर त्याला कुणी शाबासकी देत नाही. तू त्यांच्या जागी असतीस तर तूही कुलूप लावलं असतंस. मी तर नक्कीच लावलं असतं.

म्हणून 'बालविभाग सुरू करा' असं काही म्हणू नको. मी ती चूक केलेली आहे. चांगला दोन पानी अर्ज लिहून अध्यक्षांना दिला, तो गेला मासिक सभेत, सभेत कुणीतरी म्हणलं की जागा पाहिजे, दुसरं म्हणलं की फंड पाहिजे, तिसरं म्हणलं आधी छत गळतंय ते बघा, अन् सुट्ट्या संपून शाळा भरल्या तरी अर्ज फाईलमध्येच. मग मी दुसरीकडून सुरुवात केली. माझ्या नावावर लेकरांची दोन पुस्तकं नेली, खाकी कव्हर घातलं, चौथ्या दिवशी परत केली. असं चार-पाच वेळा केलं. पुस्तकं गेली त्यापेक्षा बऱ्या अवस्थेत परत येतात हे काकांनी बघितलं, मग एक दिवस मी नुसतं म्हणलं, "काका, रविवारी आठ ते नऊ हे कपाट उघडं ठेवता का, मी इथंच बसते, जाताना मोजून देते." झालं. एक तास मागितला तर कुणी नाही म्हणत नाही, विभाग मागितला की मीटिंग लागते.

अन् काकांना त्यांचा फायदा पण सांग, उगं पुण्याच्या गोष्टी नको. लेकरांच्या नावानं सभासद वाढले तर वाचनालयाचंच भलं आहे. १५ ऑक्टोबरला अब्दुल कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो, २०१५ पासून सुरू आहे, त्या दिवशी काहीतरी कार्यक्रम घेऊन फोटो पाठवावेच लागतात, दरवर्षी तेच टेबल, तोच हार, तीच चार माणसं. तिथं वीस लेकरं पुस्तकं घेऊन बसलेली दिसली तर फोटो बघण्यासारखा येईल की नाही? आणखी एक, १२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन. डॉ. रंगनाथन यांचा वाढदिवस, भारतात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारा माणूस, त्यांनी १९३१ ला जी पाच सूत्रं लिहिली त्यातलं पहिलंच आहे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. त्या दिवशी लेकरांच्या हातून काकांना एक गुलाबाचं फूल दे. आमच्या काकांना दिलं तर ते म्हणाले तीस वर्षांत मला कुणी दिलं नव्हतं, अन् लगेच आत जाऊन चष्मा पुसत बसले. त्यानंतर आठच्या ऐवजी पावणेआठलाच कपाट उघडं असायला लागलं.

आता त्या एका तासात करायचं काय. उन्हाळ्यात वेळ सकाळचीच ठेव, आपल्याकडं मे मध्ये दहा वाजता रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, अन् लाईट गेली तर पंखा पण बंद. सतरंजी घरून ने. पहिल्या दिवशी फक्त तुझी दोन अन् शेजारची दोन लेकरं असली तरी बास, बोर्ड-बॅनर काही लावू नको. एक पुस्तक मोठ्यानं वाचायचं. वाचताना उजेड तुझ्या पाठीमागून नको, नाहीतर लेकरांना नुसतं तुझं काळं डोकं दिसतं, तू भिंतीला टेकून बस अन् उजेड पुस्तकावर पडू दे. पुस्तक छातीपाशी धरून वाचायचं नाही, एका बाजूला खांद्याच्या उंचीला, चित्र त्यांच्याकडं, तू मान वळवून वाचायचं. पान उलटायच्या आधी दोन-तीन सेकंद थांब. ते थांबणं फार महत्त्वाचं आहे, तेवढ्यात कुणीतरी चित्रातलं असं काहीतरी बघतं जे तुला घरी तीनदा वाचून पण दिसलेलं नसतं.

अन् पुस्तकातली भाषा आपली नसते हे ध्यानात ठेव. पुस्तकात "आई, मला भूक लागली आहे" असं असतं, आपली लेकरं म्हणतात "माय, भूक लागली". मी पहिल्यांदा वाचताना सरळ आपल्या बोलीत वाचते, मुलगा असंल तिथं पोरगं, कुठे चाललास असंल तिथं कुठं चाल्लास रं. हसतात, पण जवळ सरकतात. दुसऱ्यांदा तेच छापलेलं आहे तसं वाचते. काही शिक्षक मित्रांना हे आवडत नाही, म्हणतात प्रमाणभाषा बिघडते. मला तर उलटा अनुभव आहे, ज्या लेकराला कळलं की आपलं बोलणं पुस्तकात बसतं ते पुस्तकातलं बोलणं पण लवकर उचलतं.

वाचून झालं की "काय शिकलो आपण यातून?" हे विचारायचं नाही म्हणजे नाही. हा आपला मास्तर लोकांचा रोग आहे, मला पण होता, मोठ्या मुश्किलीनं गेला. पहिल्या उन्हाळ्यात मी तर स्पर्धाच ठिवली होती, जो जास्त पुस्तकं वाचील त्याला कंपासपेटी. काय झालं सांगू? एक पोरगं पंधरा मिनिटात सहा पुस्तकं 'वाचून' आलं, नुसती पानं उलटत होतं, अन् एक पोरगी होती, एकाच पुस्तकात तीन रविवार अडकलेली, त्यातलं माकड तिला इतकं आवडलं होतं की ती घरी त्याचं चित्र काढून आणायची, ती हरली. कंपासपेटी पानं उलटणाऱ्याला गेली. त्या पोरीचा चेहरा आठवला की अजून मला माझाच राग येतो. तेव्हापासून स्पर्धा बंद, मोजणं बंद, सारांश लिहून आणा बंद.

आता त्या पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांचं. तुला ते अडचण वाटतात, मला पण वाटायचे. आमच्याकडं एक आजोबा होते, नव्वदीला टेकलेले, रोज पेपर, अन् लेकरं जरा हसली की जोरात "शूऽऽ". एकदा आमच्यातलं एक आगाऊ पोरगं सरळ त्यांच्यापाशी जाऊन म्हणलं, आजोबा तुम्ही काय वाचायलात आम्हाला पण वाचून दाखवा. आम्ही सगळे गार. आजोबांनी पेपर खाली ठेवला, म्हणाले हे काय वाचायचं, तुला वेगळंच दाखवतो, अन् पेपरच्या कोऱ्या कडेला बॉलपेननं उजवीकडून डावीकडं काहीतरी लिहिलं. म्हणाले हे तुझं नाव. निजामाच्या काळात त्यांचं पहिली ते चौथी शिक्षण उर्दूतून झालेलं. मग काय, सगळी लेकरं त्यांच्याभोवती, माझं नाव माझं नाव करत, आजोबांचा हात थरथरतोय, एकेक नाव लिहितायत अन् ज्याचं त्याला फाडून देतायत, त्या दिवसाचा पेपर चारी बाजूंनी कातरल्यासारखा झाला होता. काकांनी बघितलं, काही बोलले नाहीत. पुढं दर रविवारी दहा मिनिटं आजोबांची. रझाकाराच्या वेळी बापानं त्यांना ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं ही गोष्ट मी कुठल्या पुस्तकातून आणणार होते? तुझ्या वाचनालयात पण असं कुणीतरी पेपरच्या मागं बसलेलं असणार. शूऽऽ करणाऱ्यापासूनच सुरुवात कर.

फाटलेल्या पुस्तकांवर उपाय म्हणजे पुस्तकांचा दवाखाना. महिन्यातून एकदा फाटकी पुस्तकं सतरंजीवर मांडायची, लेकरं डॉक्टर. सेलोटेप मात्र अजिबात लावू देऊ नको, दोन वर्षात पिवळा चिकट होतो अन् कागद आणखी खराब करतो. घरून मैद्याची पातळ खळ करून ने, पातळ पांढरा कागद पट्टी-पट्टी कापायचा, फाटलेल्या जागी खळीनं चिकटवायचा, दोन्ही बाजूला प्लास्टिकचा कागद ठेवून वर दोन जाड ग्रंथ वजनाला, दुसऱ्या दिवशी तयार. (बायंडिंगवाले खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते विषारी असतं, लेकरांच्या खळीत घालायचं नाही. त्याऐवजी खळ ताजी कर, उरली तर टाकून दे.) ज्या लेकरानं एक पुस्तक असं दुरुस्त केलं ते पुन्हा पान दुमडत नाही हे मी लिहून देते, अन् काकांची 'लेकरं फाडतात' ही तक्रार पण तिथंच मिटते.

बाकी पपेट कर, सॉक्सचे बाहुले कर, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी कुणी आजी असंल तर तिला बोलव, ते सगळं तुला सुचंल. दोन लेकरं दारात बसून आलेल्याचं नाव वहीत लिहितील अन् तारखेचा शिक्का मारतील एवढं कर, शिक्का मारायला मिळतो म्हणून येणारी लेकरं आहेत आमच्याकडं.

आता पुस्तकं. तुझ्या पोरासाठी माधुरी पुरंदरेंची 'राधाचं घर' अन् 'यश' ही छोटी छोटी पुस्तकं माग. राधा, तिच्या घरातली माणसं, बास, एवढंच, पण लेकरू म्हणतं हे तर आमच्या घरासारखंच. त्यांचंच 'चित्रवाचन' मिळालं तर सोन्याहून पिवळं, त्यात वाचायचं नसतं, नुसतं बघायचं अन् सांगायचं, म्हणजे ज्याला वाचता येत नाही तो पण त्या दिवशी वाचणारा. 'लालू बोक्याच्या गोष्टी' पण बघ. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका बहुतेक जुन्या वाचनालयात असतेच, पातळ, चित्रांची, स्वस्त. कपाटात वाचनालयांना पुस्तकं देणाऱ्या कोलकत्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानचा शिक्का असलेली पुस्तकं दिसली तर तीही उलगडून बघ, आमच्याकडं त्यातली कित्येक कोरी करकरीत निघाली, दहा वर्षं कुणी उघडलीच नव्हती.

पोरीसाठी दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे', नऊ-दहाच्या वयाला अगदी फिट. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एखाद्या वर्षानं दे, भाषा जरा जुनी आहे, अन् आमची पोरं पहिला प्रश्न विचारतात त्याचं गाव फुरसुंगी कुठं आलं, नकाशा जवळ ठेव. 'तोत्तोचान' तिला एकटीला देण्यापेक्षा तासाला थोडं थोडं वाचून दाखव. जपानची खरी गोष्ट आहे, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या बँडवाल्यांना हाका मारते म्हणून पोरीला शाळेतून काढतात अन् मग तिला अशी शाळा मिळते जी रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरते. आमचं वाचनालय स्टेशनजवळ आहे, डब्याचं पान चालू असताना बाहेर खरीच गाडी आली होती, लेकरं जी उठून पळाली ती पंधरा मिनिटांनी परत आली, पण पुढच्या रविवारी कुणी चुकलं नाही. विंदा करंदीकरांच्या बालकविता मात्र दोघांसाठी, त्या वाचायच्या नाहीत, ओरडायच्या.

साहित्य अकादमी दरवर्षी एका मराठी पुस्तकाला बालसाहित्य पुरस्कार देते, काकांना म्हणावं ती यादी बघून मागवा. २०२२ ला संगीता बर्वेंच्या 'पियूची वही'ला, २०२४ ला भारत सासणेंच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला, अन् २०२५ ला तर आपल्या नांदेडच्या सुरेश सावंतांच्या 'आभाळमाया'ला मिळाला. मराठवाड्यातल्या वाचनालयात ते नसंल तर मग कुठं असावं. मासिकांत बालभारतीचं 'किशोर', १९७१ पासून चालू आहे, वर्गणी जड नाही, अन् जुने अंक बालभारतीनं ऑनलाईन फुकट ठिवलेत. दिवाळीत 'साधना'चा बालकुमार अंक निघतो, स्वस्त असतो, पाच-सहा जणींनी मिळून वाचनालयाला भेट द्या.

पुस्तक अवघड आहे का बघायची एक सोपी युक्ती आहे, मधलं कोणतंही पान उघडायचं, अडलेल्या शब्दाला एक एक बोट मिटायचं, एका पानात पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आता नको, किंवा मग आईनं वाचून दाखवायचं. पण लेकरू हट्टानं तेच न्यायचं म्हणत असंल तर नेऊ दे गं. पोरीनं हातात घेतलेलं पुस्तक 'हे तुझ्यासाठी नाही' म्हणून काढून घेऊ नको, अगदी चौथ्यांदा तेच नेत असली तरी.

पोराच्या मराठीचं टेन्शन तू घेतेस तेवढं नाही. त्याला मराठी येतं की, दिवसभर बोलतोय, फक्त अक्षर ओळखीचं व्हायचंय. घरी 'वाच बरं' म्हणून पुढ्यात बसवू नको, त्यानं तर पक्कं डोक्यात बसंल की मराठी म्हणजे शिक्षा. त्याच्या बहिणीला काम लाव, तिनं रोज त्याला एक पातळ पुस्तक वाचून दाखवायचं, बोट शब्दाखाली फिरवत. तिचं वाचन पक्कं होतं अन् त्याला लक्षात येत नाही की आपण शिकतोय. 'प्रथम बुक्स' नावाच्या प्रकाशनाची काही पुस्तकं एकाच पानावर मराठी-इंग्रजी दोन्ही अशी असतात, त्याला इंग्रजी ओळ येते म्हणून तो ऐटीत ती वाचंल, खालची मराठी आपोआप डोळ्याखालून जाईल. मोबाईल काढूनच घ्यायचा असं पण नाही. प्रथम बुक्सचीच स्टोरीवीव्हर म्हणून वेबसाईट आहे, २०१५ पासून, तिथं मराठीत भरपूर चित्रगोष्टी फुकट आहेत, लेव्हल १ ते ४, डाउनलोड पण होतात. लेव्हल १ म्हणजे एका पानावर एखादी ओळ. रात्री झोपताना एक, तुझ्या हातात मोबाईल, त्याच्या नाही.

एक शेवटचं, ते तू विचारलं नाहीस. तुझ्या भागातून पण दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कोयते (तोडणीची जोडपी) निघतात, त्यांची लेकरं अर्ध्या शाळेतून जातात. अशी दोन-तीन लेकरं तुझ्या तासाला येत असतील तर जाताना त्यांच्यासोबत एक-दोन पुस्तकं दे. वाचनालयाची नको, काका अडचणीत येतील, तुझी स्वतःची, किंवा रद्दीतून उचललेले 'किशोर' दे. आमच्याकडचा एक अंक कर्नाटकात जाऊन आला, होळीनंतर ते पोरगं आलं तेव्हा अंकाला कव्हर नव्हतं, मधली दोन पानं नव्हती, पण त्यातली गोष्ट त्याला पाठ होती, अन् फडावरच्या सगळ्या लेकरांना पण पाठ होती म्हणे.

अन् हो, तुझा तास जमून गेला, काका खुश झाले, तर ते एक दिवस नक्की म्हणतील, "ताई, ही चावी तुमच्यापाशीच ठेवा." घेऊ नको. मी घेतली होती. त्या दिवसापासून काका रविवारी यायचे बंद झाले, अन् दोन रविवार मी गावाला गेले तर लेकरं बंद दारावर येऊन परत गेली. चावी परत देऊन आले, म्हणलं काका, कपाट उघडायचं काम तुमचंच, मी नुसती वाचणारी.